नंबर दुसरा, पण माणशी किती?

धाकट्या भावानं काल घरच्या ग्रुपवर एक मेसेज टाकला. सिमेंट, वाळू, खडी, बॉक्साइट अशी अधातू खनिजं वापरण्यात भारत जगात दुसरा, अमेरिका कधीच मागे पडली, म्हणजे आपण विकसित झालो. वाळू काय, दर पावसाळ्यात नवी येते, शिवाय वाळवंटं भरून पडलीत. उपशाला विरोध करणारे प्रगतीच्या आड येतात. भाऊ स्वतः सेंट्रिंगची कामं घेतो. त्यानं तरी हे डोळे झाकून पुढं ढकलायला नको होतं.

दुसरा नंबर खरा आहे, तेवढं मान्य. २०२३ साली चीननं साधारण २१० कोटी टन सिमेंट बनवलं, भारतानं ४१ कोटी, अमेरिकेनं ९ कोटी. पण माणसं मोजा की! चीनमध्ये माणशी दीड टन पडतं, आपल्याकडं तीनशे किलोसुद्धा नाही. अमेरिका बाहेरूनही सिमेंट आणते. ते धरलं तर तिथला माणूस आजही आपल्यापेक्षा जास्तच वापरतो. आणि त्यांचे हमरस्ते, धरणं गेल्या शतकातच बांधून झालीत. ते सिमेंट यंदाच्या आकड्यात दिसणार कुठून?

डोकं फिरतं ते वाळूच्या मुद्द्यावर. कोल्हापूरच्या पंचगंगेत वाळू येते सह्याद्रीचा दगड झिजून, कासारी, कुंभी, तुळशी, भोगावतीतून. या चारही नद्यांवर धरणं आहेत. जाडा गाळ वरच जलाशयात बसतो, मग खाली दरसाल नवी वाळू आणणार कोण? येते त्याहून जास्त उपसली की पात्र खचतं, काठ ढासळतात, पुलांचे पाये उघडे पडतात, काठच्या विहिरींचं पाणी खाली जातं. भावाच्या साईटवर स्लॅबला काळा दगड फोडून केलेली क्रश सँड उतरते, ब्रासच्या हिशेबानं. गिलाव्याला ती खरखरीत लागते म्हणून गवंडी कुरकुरतात, चाळून घेतात. नदी दरवर्षी भरून देत असती तर डोंगर फोडून क्रशरवर वाळू पाडायची वेळ का आली असती?

संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाचा २०१९ चा अहवाल वाचा. वाळू, खडी, चुनखडी, माती अशा अधातू खनिजांचा जगातला उपसा १९७० साली ९ अब्ज टन होता, २०१७ साली ४४ अब्ज. कुठल्या पावसाळ्यानं हे भरून यायचं?

वाळवंटातल्या वाळूचे कण वाऱ्यानं घासून गुळगुळीत होतात, काँक्रीटमध्ये नीट धरत नाहीत. म्हणून तर वाळवंटातले आखाती देशही वाळू आयात करतात. मेसेजच्या यादीत बॉक्साइटही घुसडलंय. ते ॲल्युमिनियमचं खनिज, त्याचा हिशेब धातूंत.

राहिला प्रगतीच्या आड येण्याचा आरोप. पाच हेक्टरांहून लहान वाळू-दगडाच्या खाणींनाही पर्यावरण मंजुरी लागेल, असं २०१२ साली सर्वोच्च न्यायालयानंच बजावलंय.