बुटातली सुई आणि मामींचा अंगठा

मामांनी घरच्या ग्रुपवर पुन्हा एक फॉरवर्ड टाकलाय. जमैकाचा रेगे गायक बॉब मार्ली कर्करोगाने गेला नाही, त्याला सीआयए या अमेरिकी गुप्तचर संस्थेने मारलं म्हणे. बिल ऑक्सली नावाच्या ७९ वर्षांच्या माजी एजंटने मरताना कबुली दिली: १९७६ साली छायाचित्रकार बनून मार्लीला भेटलो, बूट भेट दिले, बुटात सुई होती, सुईवर कर्करोगाचे विषाणू. आणि खाली ठळक अक्षरांत: ‘काळ्या माणसाला त्वचेचा कर्करोग होतच नाही!’

मी सोडून दिलं असतं. पण मामांनी त्याखाली लिहिलं, ‘बघ, आपल्या सावळ्या कातडीला काही होत नाही.’ मामींच्या पायाच्या अंगठ्याच्या नखात काळी रेघ उमटून सहा महिने झालेत, म्हणून हे लिहितोय.

ऑक्सलीचं एका वाक्यात उरकतो. ही कबुली २०१७ मध्ये ‘युअर न्यूज वायर’ या साइटने छापली, स्नोप्स या तथ्य-तपासणी साइटने तपासून खोटी ठरवली. त्याच साइटने त्याच वर्षी आणखी एका ७९ वर्षांच्या सीआयएवाल्याला मृत्यूच्या दारात बसवून न्यूयॉर्कची एक इमारत आपणच पाडल्याचं कबूल करायला लावलं होतं. एजंट ७९ वर्षांचे झाले की यांच्याकडेच जातात वाटतं.

सुईचं म्हणाल तर मार्लीला झालेला मेलेनोमा, म्हणजे त्वचेचा एक कर्करोग, विषाणूने होत नाही. दुसऱ्याच्या कर्करोगाच्या पेशी टोचल्या, तरी निरोगी शरीर त्यांना परक्या समजून सहसा संपवून टाकतं.

आता तो ठळक अक्षरांतला मूर्खपणा. गोऱ्यांच्या तुलनेत सावळ्या-काळ्या लोकांना त्वचेचा कर्करोग कमी होतो, हे खरं. पण मेलेनोमाचा एक प्रकार तळपाय, तळहात आणि नखांखाली होतो. त्याचा उन्हाशी फारसा संबंध नाही. काळ्या लोकांत आणि आशियाई लोकांत मेलेनोमा झालाच तर बऱ्याचदा तो हाच असतो. मार्लीला नेमका हाच झाला होता, अंगठ्याच्या नखाखाली. जुलै १९७७ मध्ये निदान झालं. फुटबॉल खेळताना अंगठा दुखावला होता, म्हणून त्या बोटाकडे लक्ष गेलं एवढंच. म्हणजे ‘होतच नाही’ म्हणून ज्याचा दाखला दिलाय, तोच ‘होतो’ याचा पुरावा आहे.

डॉक्टरांनी अंगठा काढायला सांगितला होता. मार्ली पाळायचा त्या रास्ताफारी पंथाच्या श्रद्धेत शरीर अखंड ठेवायचं असतं, आणि त्याने नकार दिला, हेही खरं. नख आणि त्याखालचा भाग काढून त्वचा लावली, आणि तो पुन्हा दौऱ्यांवर गेला. सप्टेंबर १९८० मध्ये सेंट्रल पार्कमध्ये पळताना कोसळला. दोन दिवसांनी, २३ तारखेला, पिट्सबर्गला गायला, तो शेवटचा कार्यक्रम. तोवर रोग मेंदूपर्यंत पोचला होता. मग बव्हेरियात एका डॉक्टरकडे पर्यायी उपचार, आणि ११ मे १९८१ रोजी मायामीत मृत्यू. वय ३६.

एक गोष्ट मात्र मान्य करतो, नाइलाजाने. ३ डिसेंबर १९७६ ला जमैकातल्या किंग्स्टनमधल्या त्याच्या घरात घुसून बंदूकधाऱ्यांनी गोळ्या झाडल्या. मार्ली, त्याची बायको रीटा, मॅनेजर, सगळे जखमी. दोनच दिवसांनी तो तसाच मंचावर उभा राहिला. निवडणुकीचे दिवस होते, जमैकाचे पंतप्रधान मॅनली क्यूबाशी दोस्ती करत होते आणि अमेरिकेला ते खुपत होतं. मागे कोण होतं हे कोर्टात कधी सिद्ध झालं नाही. तिथे संशय घ्या, खुशाल घ्या. बुटात नको.

आणि मामी, ती मेंदी नाही. मेंदीचा डाग नखाबरोबर पुढे सरकतो, तुमची रेघ मुळापासून आहे आणि रुंद होतेय. अशा बहुतेक रेघा निरुपद्रवी निघतात, पण एकाच नखावर नव्याने आलेली आणि वाढणारी रेघ त्वचारोगतज्ज्ञाने बघायलाच हवी. शनिवारी दहाला गाडी घेऊन येतो. नेलपॉलिश काढून ठेवा. मामांनाही चला म्हणावं, फोन घरी ठेवून.