जुना ट्रान्सड्यूसर ठेवावा की बदलावा? एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

नौकेवरील जुना इको साउंडर (ध्वनीने पाण्याची खोली मोजणारे यंत्र) बदलण्याविषयी मी लिहिलेल्या लेखावर आपण सविस्तर प्रतिक्रिया दिलीत, त्याबद्दल मनापासून आभार. आपले म्हणणे थोडक्यात असे आहे : पडदा नवा घेताना नौकेच्या तळाचा ट्रान्सड्यूसरही (पाण्यात ध्वनी सोडून त्याचा प्रतिध्वनी टिपणारा भाग) बदलावा, हा सल्ला दुकानदाराच्या सोयीचा आहे, कारण अ‍ॅडॅप्टर लावून जुना ट्रान्सड्यूसर चालवता येतो, चांगल्या तळाला नवे भोक पाडणे धोक्याचे आहे, आणि मोबाइलवरील नकाशात पाण्याची खोली दिसत असताना एवढा खर्च करण्याची गरजच नाही.

पहिल्या आक्षेपाचा अर्धा भाग मला मान्य आहे. ‘जुना ट्रान्सड्यूसर बदलावाच’ असे सरसकट विधान मी करायला नको होते. ट्रान्सड्यूसरमधील सिरॅमिकची (थरथरून ध्वनी निर्माण करणाऱ्या घटकाची) संवेदनशीलता वर्षांगणिक हळूहळू घटते हे खरे असले, तरी केवळ वयावरून त्याला बाद ठरवणे योग्य नाही. त्याची वारंवारता आणि वॉटमधील क्षमता नव्या यंत्राशी जुळत असेल, केबल कुठेही कापलेली किंवा जोडलेली नसेल आणि उथळ पाण्यातील त्याचे आकडे दोरीला बांधलेल्या शिशाच्या वजनाने पडताळून पाहिले असतील, तर तो अवश्य ठेवावा. मात्र प्लग बसला म्हणजे जोडी जमली, हे मला मान्य नाही. अ‍ॅडॅप्टरमुळे फक्त तारा जुळतात. एक किलोवॉटचे यंत्र तीनशे वॉटच्या ट्रान्सड्यूसरला जोडले तर त्यातील सिरॅमिक निकामी होण्याची भीती असते. तसेच केवळ २०० किलोहर्ट्‌झवर चालणारा जुना ट्रान्सड्यूसर ‘चर्प’ यंत्राला लावला, तर अनेक वारंवारता ओळीने सोडण्याचा त्या यंत्राचा मुख्य लाभ मिळतच नाही.

माझे मत कशामुळे इतके ठाम झाले, तेही सांगतो. काही वर्षांपूर्वी मीसुद्धा आपण सुचवता तोच मार्ग धरला होता आणि नवा पडदा अ‍ॅडॅप्टरने जुन्या ट्रान्सड्यूसरला जोडला होता. वीस-पंचवीस मीटर पाण्यात आकडे अगदी बरोबर येत होते, त्यामुळे मी निर्धास्त झालो. पुढे रत्नागिरीला भाट्ये खाडीच्या मुखातून, मांडवीच्या बाजूने, ओहोटीच्या वेळी आत येताना पडद्यावर १.४ मीटर आकडा स्थिर दिसत असूनही नौकेचा कणा (तळाचा सर्वांत खालचा भाग) वाळूला घासला. ट्रान्सड्यूसरपासून खाडीच्या तळापर्यंतचे अंतर तेव्हा जेमतेम ०.५ मीटर होते. ध्वनीचा स्पंद सोडल्यानंतर ट्रान्सड्यूसर क्षणभर स्वतःच थरथरत राहतो, आणि ती थरथर शमेपर्यंत परतणारा प्रतिध्वनी त्याला वेगळा ओळखता येत नाही. माझ्या जुन्या ट्रान्सड्यूसरची थरथर इतकी लांबलेली होती की, तळाचा पहिला प्रतिध्वनी तिच्यात बुडून गेला. तळाकडून आलेला तोच ध्वनी पृष्ठभागावरून पुन्हा खाली जाऊन परतला, तेव्हा तो दुसरा प्रतिध्वनी यंत्राने खरा मानला आणि खोली जवळपास तिप्पट दाखवली. यंत्र बंद पडले असते तर मी सावध झालो असतो. पण त्याने ठळक अक्षरांत चुकीचा आकडा दाखवला आणि मी त्यावर विश्वास ठेवला. म्हणूनच जुन्या ट्रान्सड्यूसरची परीक्षा खोल पाण्यात न घेता एक-दोन मीटर पाण्यात घ्यावी, असा माझा आग्रह आहे.

आपल्या नौकेवर केवळ ५० किलोहर्ट्‌झचा ट्रान्सड्यूसर असल्याचे आपण लिहिले आहे आणि मला अधिक काळजी त्याचीच वाटते. ही वारंवारता खोल समुद्रासाठी उत्तम आहे, कारण ती पाण्यात कमी शोषली जाते. परंतु पावसाळ्यानंतर खाडीच्या तळाशी पातळ गाळाचा थर साचलेला असतो. २०० किलोहर्ट्‌झचा ध्वनी बहुधा त्या थराच्या माथ्यावरूनच परततो, तर ५० किलोहर्ट्‌झचा त्यातून खाली शिरून घट्ट थरापर्यंत जाऊ शकतो. साहजिकच पडद्यावर पाणी प्रत्यक्षापेक्षा जास्त दिसते, म्हणजे चूक नेमकी घातक बाजूला होते. खाडीत रोज ये-जा करणाऱ्या नौकेला २०० किलोहर्ट्‌झची सोय हवीच.

भोकाविषयीची आपली चिंता रास्त आहे, आणि त्याबद्दल मी मूळ लेखात पुरेसे लिहिले नव्हते. नव्या ट्रान्सड्यूसरच्या दांड्याचा व्यास जुन्याइतकाच असेल तर जुनेच भोक वापरता येते. खरेदीपूर्वी हे मोजून घ्यावे. आपली नौका फायबरची असून तळ भरीव असेल, मध्ये फोम किंवा बाल्सा लाकडाचा थर नसेल, तर भोक न पाडता आतल्या बाजूनेच चिकटवायचा ट्रान्सड्यूसर मिळतो. ध्वनीची थोडी शक्ती फायबरमध्ये खर्ची पडते. पण किनाऱ्यालगतच्या खोलीला ती सहज पुरते. कायमचे चिकटवण्यापूर्वी पाणी भरलेली प्लास्टिकची पिशवी तळावर ठेवून, तिच्यात ट्रान्सड्यूसर बुडवून पाहावे आणि जिथे प्रतिध्वनी स्पष्ट येतो तीच जागा निवडावी. चिकटवताना इपॉक्सीत हवेचा एकही बुडबुडा राहता कामा नये. लाकडी तळातून मात्र ध्वनी असा पार जात नाही. तिथे भोक अटळ आहे, आणि बसवायचा दांडा प्लास्टिकचा नसून ब्राँझचा असावा, कारण पाण्याने फुगणारे लाकूड प्लास्टिकला तडा देऊ शकते. १ जून ते ३१ जुलै या मासेमारीबंदीच्या काळात नौका किनाऱ्यावर ओढलेली असते, तेव्हाच हे काम सावकाश करता येते. नौका पुन्हा पाण्यात सोडल्यावर पहिले चोवीस तास ती सोडून जाऊ नये. आतून गळती आहे का, ते वरचेवर पाहावे.

मोबाइलवरील नकाशाबाबत मी आपल्याशी मुळीच सहमत नाही. नकाशातील खोली त्या क्षणी मोजलेली नसते. ती पूर्वी कधीतरी झालेल्या सर्वेक्षणाची असते आणि नीचतम ओहोटीच्या आसपासची एक पातळी आधार धरून लिहिलेली असते, त्यामुळे तिच्यात भरतीची उंची मिळवावी लागते. डेहराडूनच्या राष्ट्रीय जलआलेखन कार्यालयाचे नकाशे मी स्वतः वापरतो आणि मला त्यांच्याविषयी आदर आहे. परंतु खाडीच्या मुखावरील वाळूचा दांडा एका पावसाळ्यात जागा बदलतो, आणि तो आज कुठे आहे हे कोणताही छापील किंवा मोबाइलवरचा नकाशा सांगू शकत नाही.

मूळ लेखात राहून गेलेला आणखी एक मुद्दा आपल्यामुळे आठवला. नवा पडदा लावल्यावर आकड्याचा अर्थच बदलू शकतो. आपला जुना साउंडर पाण्याच्या पृष्ठभागापासूनची खोली दाखवत असेल आणि नव्याची मांडणी न करता तो तसाच सुरू केला, तर तो ट्रान्सड्यूसरपासूनची खोली दाखवील. माझा ट्रान्सड्यूसर पृष्ठभागाखाली ०.४ मीटर आणि कण्याचा तळ ०.९ मीटर आहे. म्हणून मी यंत्रात उणे ०.५ भरतो, म्हणजे पडद्यावर थेट कण्याखालचे पाणी दिसते. आमचे तांडेल (नौकेचे म्होरके) आजही वावांत बोलतात आणि एक वाव म्हणजे सुमारे सहा फूट. यंत्र फुटांवर आहे की मीटरवर, हे नौकेवरील प्रत्येकाला पहिल्याच दिवशी दाखवून द्यावे, कारण पडद्यावरचा ‘३’ हा आकडा तिघांना तीन वेगळ्या खोल्या सांगू शकतो.

आपल्या ट्रान्सड्यूसरच्या केबलवर, प्लगजवळ, बहुधा एक चिठ्ठी असेल. तिच्यावरील वारंवारता आणि वॉट, तसेच आपल्या नौकेचा तळ लाकडाचा आहे की फायबरचा, एवढे कळवलेत, तर नव्या यंत्राशी तो जुळेल की नाही हे मी नेमके सांगू शकेन. तो जुळत असेल, तर ‘बदलू नका’ असेच लिहीन.

आपला स्नेहांकित,
लेखक