200 लेकरं गुणिले 500 = महिना 1 लाख? हे गणित कुठं चुकतंय ते सांगतो

दोन आठवडे झाले एक मेसेज आमच्याकडच्या सगळ्या ग्रुपवर फिरायलाय. कराटे नाहीतर तायक्वांदोचा क्लास काढा, गुंतवणूक शून्य, 200 लेकरं गुणिले 500 म्हणजे महिना 1 लाख, वरून दर 3 महिन्याला बेल्टची परीक्षा, आणि एका वर्षात ब्लॅक बेल्टची गॅरंटी दिली की पालक रांग लावतात. माझ्याकडंच शिकलेल्या एका पोरानं मला तो पाठवला आणि खाली लिहिलं, सर, एमआयडीसीतली नोकरी सोडू का? म्हणून हे लिहायलोय. लातूरात 14 वर्षं तायक्वांदोचा क्लास चालवतोय, घर त्याच्यावरच चालतं, त्यामुळं या धंद्यात पैसा नाही असं मी म्हणणार नाही. पण मेसेजमधे सांगितलंय तिथं तो नाही.

आधी ते 200. माझा हॉल 900 स्क्वेअर फूट आहे. डोलियो चागी, म्हणजे गोल फिरवून मारायची लाथ, मारायला पाय पूर्ण फिरावा लागतो, 25 च्या वर लेकरं उभी केली की शेजारच्याच्या तोंडावर बसते. आता लेकरं मोकळी कधी असतात? सकाळी 6 ते 7 आणि संध्याकाळी साडेपाच ते साडेआठ. म्हणजे दिवसाच्या 4 बॅच, 100 लेकरं, संपलं. दिवसाआड बॅच लावल्या की कागदावर 200 बसतात, मी लावून बघितल्या, पण आठवड्याला 3 दिवसवालं लेकरू ताप, लग्न, पाऊस असं करत महिन्यात 7-8 वेळाच येतं, त्याला काहीच जमत नाही, मग ते कंटाळतं आणि सुटतं.

आणि सुटतात किती हे त्या मेसेजमधे कुठंच नाही. मे महिन्याच्या शिबिराला माझ्याकडं 70 लेकरं येतात, गणपतीपर्यंत त्यातली 20-22 राहतात. त्यात आपलं लातूर. पोरगं आठवीत गेलं की फाउंडेशन, मग दहावी, मग नीट, ट्यूशन एरियात संध्याकाळी पाय ठेवायला जागा नसते, आणि 4 वर्षं घडवलेलं, जिल्ह्याला मेडल घेतलेलं पोरगं एक दिवस येऊन पाया पडतं, म्हणतं सर आता दोन वर्षं जमणार नाही. त्याला मी काय बोलू? पालकांना दोष देत नाही मी, पण धंद्याचं गणित मांडताना हे धरावंच लागतं.

फीचं पण तसंच. माझी फी 600, रजिस्टरवर 68 नावं, म्हणजे 40,800 व्हायला पाहिजेत. हातात येतात 33 हजाराच्या आसपास. ज्याचं घर शेतीवर आहे त्याचा पैसा सोयाबीन विकल्यावर मोकळा होतो, तो दिवाळीला 4 महिन्याची एकदम देतो, आणि पीक गेलं तर मीच मागत नाही. 2016 ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं लातूरला, त्या उन्हाळ्यात प्यायच्या पाण्याचीच मारामार होती, शिबिर मी घेतलंच नाही, भाडं मात्र भरलं. आता त्या 33 हजारातनं भाडं 11,000, दोन असिस्टंटला 4-4 हजार, लाइट बिल 1,200, पॅड-मॅटची झीज दीड हजार. उरले 11 हजार 300. दोन शाळांत आठवड्याचे तास घेतो, त्याचे 14 हजार येतात, तेव्हा कुठं 25 होतात. शाळा धरल्या नसत्या तर मी कधीच बंद केला असता, आणि हीच गोष्ट मेसेजवाल्याला माहीत नाही.

गुंतवणूक शून्य म्हणे. शहाबादी फरशीवर एका पायावर गरकन फिरवून बघा लेकरू, गुडघा जातो. 60 मॅटच 50 हजाराच्या पुढं गेल्या माझ्या, हॉलचं डिपॉझिट वेगळं.

आता ब्लॅक बेल्टची गॅरंटी. याचा मला खरंच राग येतो. बेल्ट-डॅनची (डॅन म्हणजे ब्लॅक बेल्टची श्रेणी) पद्धत जिगोरो कानो यांनी ज्युदोसाठी सुरू केली, पहिले डॅन 1883 साली दिले, आणि ते माप म्हणून दिले. आमच्यात व्हाइटपासून यलो, ग्रीन, ग्रीन वन असं करत ब्लॅकपर्यंत 8 परीक्षा, 4-4 महिन्याला धरली तरी 32 महिने, आणि 15 वर्षांच्या आतल्या लेकराला कुक्कीवॉन, म्हणजे तायक्वांदोची कोरियातली मुख्य संस्था, डॅन देतच नाही, पूम म्हणजे लहान मुलांची श्रेणी देते. एका वर्षात ब्लॅक बेल्ट बांधलेलं लेकरू शालेय जिल्हास्तर स्पर्धेला उतरतं, समोर 3 वर्षं घासलेलं ग्रीन बेल्टवालं पोरगं येतं, आणि पहिल्याच राउंडला खेळ संपतो. आईबाप स्टँडमधे बसून बघत असतात. ते लेकरू परत येत नाही, त्याची चुलत भावंडंही येत नाहीत. मी एकदा 31 पैकी 9 लेकरं नापास केली, तिघांचे पालक भांडून गेले, पण राहिलेली 6 आज माझी सगळ्यात जुनी लेकरं आहेत.

"नोकरीत 5 टक्के आरक्षण आहे हे सांगा" असंही लिहिलंय. सरकारी नोकरीत खेळाडूंना आरक्षण आहे, खरंय. पण प्रमाणपत्र विभागीय क्रीडा उपसंचालकांकडं पडताळणीला जातं, आणि कुठल्यातरी संघटनेनं मंगल कार्यालयात भरवलेल्या "नॅशनल"चा कागद तिथं टिकत नाही. ऑलिंपिकचा खेळ म्हणून कराटे विकायलेत, ते टोकियोत एकदाच होतं, पॅरिसला 2024 मधे नव्हतं. तायक्वांदो 2000 पासून पदकाचा खेळ आहे. पालकाला हे नीट सांगा, उद्या तो तुमच्याच दारात उभा राहणार आहे.

मुलींबद्दल त्या मेसेजमधे एक अक्षर नाही. माझ्या 68 मधे 31 मुली आहेत आणि मुली जास्त टिकतात, पण लेडी असिस्टंट ठेवली तेव्हापासून. आयांचा फोनवरचा पहिला प्रश्न "मॅडम आहेत का" हाच असतो, फी त्या नंतर विचारतात. तिच्या 4 हजारावर माझा अर्धा क्लास उभा आहे. खरं तर तिला 4 पेक्षा जास्त द्यायला पाहिजेत, जूनपासून देणार आहे.

तर बाळा, नोकरी आत्ता सोडू नको. संध्याकाळची एक बॅच एखाद्या शाळेच्या हॉलवर लाव, मुलींसाठी कोणी ताई सोबत घे, शॉप अ‍ॅक्टची ऑनलाइन नोंद करून टाक, थोडीच माणसं कामाला असली की नुसती सूचना द्यावी लागते. या जूनला आलेल्यातली पुढच्या जूनला किती राहिली ते वहीत लिही. 25 राहिली तर मला फोन कर, हॉल बघायला मी येतो तुझ्यासोबत.