दाब बिघडला म्हणून स्क्रू फिरवू नये

दाब कमी करणाऱ्या स्वयंचलित व्हॉल्व्हबद्दल एक सल्ला हल्ली वारंवार पुढे पाठवला जातो. तो असा : व्हॉल्व्ह स्वयंचलित आहे, तेव्हा एकदा बसवला की देखभाल लागत नाही, पुढच्या बाजूचा दाब वाढला तर पायलटचा (मुख्य व्हॉल्व्हला चालवणाऱ्या छोट्या व्हॉल्व्हचा) स्क्रू सैल करावा, घटला तर आवळावा, हे काम रात्री, पाण्याचा वापर थांबल्यावर करावे, आणि दाब सतत खालीवर होऊ लागला तर मोठ्या मापाचा व्हॉल्व्ह बसवावा. स्क्रू आवळल्याने ठरवलेला दाब वाढतो आणि सैल केल्याने घटतो, एवढे यात खरे आहे. घोळ त्यापुढचा आहे.

‘स्वयंचलित’ याचा अर्थ इतकाच की व्हॉल्व्हला बाहेरची वीज किंवा माणसाचा हात लागत नाही. पुढचा दाब पायलटमधल्या स्प्रिंगशी तोलला जातो आणि त्यानुसार मुख्य व्हॉल्व्हच्या डायफ्रॅमवरच्या (लवचीक पडद्यावरच्या) कप्प्यात पाणी साठून व्हॉल्व्ह मिटत जातो किंवा तिथून पाणी निघून तो उघडत जातो. हे पाणी एका लहान गाळणीतून आणि अगदी बारीक छिद्रातून येते. वाहिनीच्या दुरुस्तीनंतर सुटलेला गाळ आधी तिथेच अडकतो.

ही लहान गाळणी तुंबली की पुढचा दाब घटत नाही, वाढतो. अनुभवी माणसेही इथे चकतात. कप्प्यातले पाणी पायलटमार्गे बाहेर जात राहते, नवे मात्र येत नाही, त्यामुळे मुख्य व्हॉल्व्ह उघडत जातो. अशा वेळी स्क्रू सैल केला तर गाळणी अर्धवट तुंबलेली असताना दाब काही काळ आटोक्यात आल्यासारखा वाटतो, आणि पुढे कोणी गाळणी धुतली की उंचावरच्या नळांना पाणीच चढत नाही. डायफ्रॅम फाटला असेल किंवा सीटमध्ये (व्हॉल्व्ह मिटताना टेकतो त्या जागी) खडा अडकला असेल, तर स्क्रू कितीही फिरवला तरी फरक पडत नाही.

व्हॉल्व्हच्या आधीची मोठी गाळणी तुंबली तर परिणाम उलटा होतो : भर वापराच्या वेळी दाब पडतो. व्हॉल्व्ह तेव्हा आधीच पूर्ण उघडलेला असल्याने स्क्रू आवळून काही मिळत नाही. रात्री प्रवाह निम्म्यावर आला की गाळणीतली दाबघट साधारण एक चतुर्थांश उरते, आणि दिवसा आवळून ठेवलेला तो वाढीव दाब झोपेच्या वेळी वाहिन्यांवर येतो. म्हणून आधी व्हॉल्व्हच्या दोन्ही बाजूंचे गेज वाचावेत, गाळण्या पाहाव्यात. डायफ्रॅमची शंका असेल तर पुढचा बंद-व्हॉल्व्ह (वाहिनीतले पाणी पूर्ण अडवणारा) मिटवून, पायलटच्या नळ्यांचे कॉक बंद करून झाकणावरचा प्लग जपून सैल करावा : थोडे पाणी येऊन थांबले तर डायफ्रॅम शाबूत, वाहतच राहिले तर फाटलेला. पुढचा बंद-व्हॉल्व्ह आधी मिटवायला विसरू नये, कारण या तपासणीत मुख्य व्हॉल्व्ह पूर्ण उघडतो.

रात्री, प्रवाह थांबलेला असताना दाब ठरवणे तर सरळ चूक आहे. तेव्हा व्हॉल्व्ह मिटलेला असतो आणि पुढच्या वाहिनीत दाब कोंडलेला राहतो. स्क्रू सैल करूनही काटा हलत नाही, म्हणून माणूस आणखी सैल करतो आणि सकाळी दाब भलताच कमी निघतो. पुढे कुठेतरी पाणी वाहते ठेवून, स्क्रू थोडा थोडा फिरवत, प्रत्येक वेळी काटा स्थिर होऊ देत दाब ठरवावा.

दाब खालीवर होण्याची कारणे बहुधा साधी असतात : कप्प्यात अडकलेली हवा, मुख्य व्हॉल्व्हच्या उघडण्या-मिटण्याचा वेग ठरवणारा बारीक नीडल व्हॉल्व्ह जास्त उघडा असणे, किंवा प्रवाहाच्या मानाने व्हॉल्व्ह आधीच मोठा असणे. शेवटच्या प्रकारात आणखी मोठा व्हॉल्व्ह म्हणजे आगीत तेल, कारण तो सीटला जेमतेम सोडून काम करत राहतो. कमी प्रवाहासाठी समांतर लहान व्हॉल्व्ह थोड्या जास्त दाबावर लावणे हा त्यावरचा खरा उपाय आहे. व्हॉल्व्ह झटकन मिटू नये याचीही काळजी घ्यावी : धातूच्या लांब वाहिनीत सेकंदाला 1 मीटर वेगाने वाहणारे पाणी एकदम थांबले, तर सुमारे 100 मीटर उंचीच्या पाण्याइतका जादा दाब क्षणभर उठतो.

एवढे पाहूनही स्क्रू फिरवावाच लागला, तर त्याला जागी धरणारा लॉकनट सैल करण्यापूर्वी बाहेर दिसणाऱ्या आट्यांची लांबी मोजून नोंदवावी, म्हणजे अंदाज चुकल्यास मूळ जागी परतता येते.