तोंड उघडत नाही? अजिबात काळजी करू नका!

तोंड पूर्वीसारखं उघडत नसेल तर घाबरायचं कारण नाही. मुंबईत तोंड उघडून आजवर कुणाचं भलं झालंय? लोकलमध्ये नाही, सोसायटीच्या मीटिंगमध्ये तर नाहीच नाही. तेव्हा सुपारीने धरत चाललेला जबडा नीट, कायमचा धरावा यासाठी काही अनुभवसिद्ध सूचना. माझ्या मेहुण्याने त्या सगळ्या पाळल्या आहेत आणि गुण उत्तम आला आहे.

पहिलं म्हणजे, मोजायला जाऊ नका. स्वतःची तर्जनी, मधलं बोट आणि अनामिका एकावर एक धरून पुढच्या दातांमध्ये जातात का, एवढं बघायला अर्धं मिनिट पुरतं. मोठ्या माणसाचं तोंड साधारण 35 ते 50 मिलिमीटर उघडतं. दोनच बोटं गेली की उगाच जिवाला घोर. दात दाखवून अवलक्षण कशाला?

कुणी विचारलंच तर ‘अक्कलदाढ येतेय’ म्हणा. त्या दाढेभोवतीची हिरडी सुजली की जबडा धरतो, हे खरंच आहे. दाढेसाठी सुई घेतली तरी काही दिवस धरतो. झोपेत दात खाणाऱ्यांचा कानापुढचा सांधा आधी कटकट वाजतो आणि एखाद्या सकाळी अडकूनच बसतो. ही मंडळी शेक, मऊ खाणं, गोळ्या, रात्री दातांवर चढवायचं गार्ड यांवर बहुतेक सुधारतात. त्यांच्या नावावर आपलं दुखणं खपवायचं. (गंजक्या पत्र्याने कापल्यानंतर जबडा बसायला लागला, तर मात्र हा लेख टाकून थेट हॉस्पिटल गाठा. धनुर्वाताला उपरोध कळत नाही.)

साध्या आमटीने तोंडाची आग होते? आमटी करणाऱ्यावर ओरडा.

फुगा फुगवता येत नाही, शिट्टी वाजत नाही? वय झालं म्हणा. मेहुण्याने अजून पस्तिशी गाठलेली नाही, तरी तो म्हणतो.

आता मुख्य पथ्य. सुपारी सोडायची नाही. ‘मी तंबाखूला हात लावत नाही हो भावोजी, साधी सुपारी’, हे वाक्य पाठ करा. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने 2004 मध्येच सांगून टाकलंय की तंबाखूशिवाय नुसती सुपारीही कॅन्सर करते. पण आपल्याला भावोजीचं ऐकायचं नसतं, तिथे ती संस्था कोण? सुपारीतला अर्क गालाच्या आतल्या थराला नको तितके तंतू बनवायला लावतो, तिच्यातलं तांबं ते तंतू आणखी घट्ट करतं. गाल आतून पांढुरका पडतो आणि बोट फिरवलं की ताठ दोऱ्या हाताला लागतात. गुटख्यावर राज्यात 2012 पासून बंदी आहे, म्हणून तो आता माळेवर लटकत नाही, गल्ल्याखालून येतो. एवढाच काय तो फरक.

परवा त्याला ओढत डेंटिस्टकडे नेलं. डॉक्टरीणबाईंनी आइस्क्रीमच्या लाकडी कांड्या एकावर एक रचून त्याच्या दातांमध्ये सरकवल्या. बारावी गेली, तेराव्या कांडीला डोळ्यांत पाणी. त्यांनी शांतपणे सगळं समजावलं. सुपारी आजपासून बंद, गालात इंजेक्शनं, दिवसातून चार-पाच वेळा कांड्यांचा व्यायाम, हळूहळू एकेक कांडी वाढवायची. नाहीच जमलं तर ऑपरेशन करून दोऱ्या कापतात आणि तिथे गालातली चरबी बसवतात. त्यानंतर व्यायाम टाळला की तोंड पुन्हा मिटतं. हे दुखणं असलेल्या काहींना पुढे कॅन्सर होतो, तेही सांगितलं. हा मान डोलवत होता. बाहेर आलो, मी रिक्षा बघतोय तोवर हा गेटाजवळच्या टपरीवर. दाताने पुडी फाडली. चमचा जात नाही त्या तोंडात पुडी गेली! वर मलाच म्हणतो, ‘डॉक्टर लोक घाबरवतातच हो.’

घाबर की मग! घाबरायलाच सांगितलंय तुला! उद्या अपेंडिक्स फुटलं तर भूल देणारा श्वासाची नळी घालणार कुठून? दुर्बीण लावून नाकातून घालावी लागते, आणि ती सोय रात्री दोनला प्रत्येक नर्सिंग होममध्ये नसते. तुझी बायको वरणभात मिक्सरमधून काढते. पोरगी विचारते, बाबा मोठ्याने का हसत नाहीत. आणि तू कुणाला उल्लू बनवतोयस, अक्कलदाढ म्हणे! चारही दाढा कधीच्या येऊन गेल्यात, एक्स-रे मी पाहिलाय.

हे वाचून गालात हसणाऱ्यांनो, तुमच्याही खिशात पुडी आहे. आत्ता काढा आणि फेका, रस्त्यावर नाही, कचऱ्याच्या डब्यात. मग तीन बोटं घालून बघा. जात नसतील तर सीएसएमटीजवळ सरकारी दंत महाविद्यालय आहे, मुंबई सेंट्रलला नायर हॉस्पिटलचं आहे. सकाळी जाऊन केसपेपर काढा. सुट्टी मिळत नाही? टपरीवर दिवसातून दहा वेळा उभं राहायला कोण देतं?