माईक बंद करणाऱ्या दाजींना, बार्किंगहून

यंदा गणपतीत मिरजेला आमच्या गल्लीतल्या मंडळापुढं एका पोरानं गिटार घेऊन पेपरफुटीवर गाणं म्हटलं. दुसऱ्या कडव्याला माईक बंद. घरच्या ग्रुपवर व्हिडिओ आला आणि खाली आमच्या दाजींचा निकाल: "कलाकारानं कलेपुरतं बोलावं. राजकारणच करायचं तर निवडणूक लढवावी." पटापट अंगठे पडले. एका काकांनी वर भर घातली, की ज्या गावात तंबोरे घडतात त्या गावाला असला गोंगाट शोभत नाही.

मी लंडनच्या पूर्व टोकाला, बार्किंगला राहतो. इथं राहून त्या वाक्यावर गप्प बसणं अवघड आहे, कारण गाण्यांतून राजकारण बोलणारा गायक बिली ब्रॅग इथला.

१९५७ चा जन्म. वडील टोप्या करणाऱ्या कारखान्याच्या विक्री विभागात, आईकडचं घराणं मूळ इटलीचं. पोरगा इलेव्हन प्लसला, म्हणजे अकराव्या वर्षीच्या शाळानिवडीच्या परीक्षेत, नापास झाला, सोळाव्या वर्षी शाळा सुटली. पंक या रांगड्या, संतापी रॉकच्या लाटेत मित्रांना घेऊन रिफ रॅफ नावाचा बँड काढला, तो चालला नाही. १९८१ मध्ये वैतागून सैन्यात गेला, रणगाडा दलात, आणि तीन महिन्यांत १७५ पौंड भरून सुटून आला. त्यानंतर मात्र एकटाच उभा राहिला. ड्रम नाही, साथीदार नाही. एक इलेक्ट्रिक गिटार, पंकचा संताप, लोकगीताची चाल, आणि एसेक्सचे उच्चार, जसे इथल्या मेट्रोत, डिस्ट्रिक्ट लाइनमध्ये, रोज कानावर पडतात तसे, जराही न धुतलेले. याला फोक-पंक म्हणतात. काकांनी गोंगाटच म्हटलं असतं.

१९८३ मधली त्याची पहिली रेकॉर्ड सात गाण्यांची, जेमतेम १६ मिनिटांची. मुखपृष्ठावरच छापलेलं, की २.९९ पौंडांपेक्षा जास्त देऊ नका. ती रेडिओवर वाजावी कशी? बीबीसीवर जॉन पील रात्रीचा कार्यक्रम करायचा. एकदा तो बोलता बोलता म्हणाला की भूक लागलीय, आत्ता मशरूम बिर्याणी मिळाली तर काय हवं! ब्रॅगनं ते ऐकलं, बिर्याणी घेतली आणि थेट बीबीसीच्या दारात हजर. पीलनं गाणं वाजवलं, पण चुकीच्या वेगानं, कारण दिसायला मोठी एलपी असली तरी ती मिनिटाला ३३ नव्हे, ४५ फेऱ्यांच्या वेगाची होती. बिर्याणी नसती तरी वाजवलंच असतं, असं पील नंतर सांगायचा. मशरूमची बिर्याणी ही कल्पना मला आजही सहन होत नाही, पण ते असो.

१९८४ मध्ये खाणकामगारांचा संप सुरू झाला. ब्रॅग त्यांच्या मदतनिधीसाठी गात हिंडला. तिथं त्याला गावोगावचे म्हातारे लोकगायक भेटले, आणि ते आपल्यापेक्षा जहाल गातात हे पाहून तो चक्रावला. हे त्यानं स्वतःच अनेकदा सांगितलंय. काका, ही तुमची लोककला. ती शोकेसमध्ये ठेवायला कधीच नव्हती.

पुढं १९८५ मध्ये पॉल वेलरसारख्या गायकांना घेऊन त्यानं 'रेड वेज' काढलं. तरुणांनी लेबर पक्षाला मत द्यावं म्हणून ही मंडळी गावोगाव गायली. १९८७ मध्ये लेबर हरलं, विरोधातल्या थॅचरबाईच तिसऱ्यांदा निवडून आल्या. दाजी, घ्या, हा पुरावा तुमच्या बाजूचा! पण २००६ मध्ये याच बार्किंग आणि डॅगनहॅमच्या कौन्सिलवर बीएनपीचे, म्हणजे ब्रिटिश नॅशनल पार्टीचे, १२ जण निवडून आले. गोऱ्यांखेरीज इथं कुणी नको म्हणणारा हा पक्ष. ब्रॅग तोवर डॉर्सेटला समुद्राकाठी राहायला गेला होता. दुरून हळहळला असता तरी चाललं असतं. त्यानं देशप्रेमावर एक अख्खं पुस्तक लिहिलं, म्हणणं एवढंच, की इंग्लंड कुणाचं हे ठरवायचा मक्ता या लोकांकडं का द्यायचा? २०१० मध्ये तो त्यांच्याविरुद्ध प्रचाराला पुन्हा बार्किंगच्या रस्त्यांवर आला. त्या निवडणुकीत बीएनपीचा एकही नगरसेवक उरला नाही. हे सगळं गाण्यामुळं झालं असं मी म्हणत नाही. दारोदार फिरणारे शेकडो होते. पण त्याला कुणी म्हणालं नाही की... खरं तर पुष्कळांनी म्हटलं, गुमान गाणी म्हण म्हणून. माईक मात्र कुणी काढून घेतला नाही.

आणि आपल्याकडं हे नवीन आहे का? वाटेगाव आमच्याच सांगली जिल्ह्यातलं. अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि गवाणकर यांनी १९४४ मध्ये लाल बावटा कलापथक काढलं. संयुक्त महाराष्ट्रासाठी हीच मंडळी गात होती. अण्णाभाऊंच्या जयंतीला दाजी न चुकता हार घातलेला फोटो टाकतात. म्हणजे शाहीर राजकीय असला तरी चालतो, फक्त तो आधी मेलेला असावा.

हे सगळं मी ग्रुपवर लिहिलं, जरा तिखटच. दाजींचं उत्तर एका ओळीचं: "तू तिथं पौंड मोजतोस, आम्हाला शहाणपण शिकवू नकोस. तिथल्या कुठल्या प्रश्नावर तोंड उघडलंस?"

राग आला, कारण नेम अचूक होता. इथल्या आमच्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमपत्रिकेवर खाली बारीक अक्षरांत असतं, राजकीय विषय टाळावेत. मला ते पटतं. हॉलचं भाडं, शेजाऱ्यांची तक्रार, पोरांची नाचगाणी, यात उगाच वाद कशाला? मिरजेत जे मला भेकडपणा वाटतं तेच बार्किंगमध्ये व्यवहारी वाटतं. भारतीय पासपोर्टावरही इथं मत देता येतं, ते मी देतो. पण पाटी घेऊन रस्त्यावर? नाही. पाटीवर 'आमचं बार्किंग' लिहायला हात धजत नाही. ब्रॅगच्या आईचं मूळ इटलीचं, तरी 'माझं इंग्लंड' म्हणताना त्याला कुणी थांबवत नाही. मी बार्किंगचा म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला: मूळचे कुठले? मिरजेला गेलो की तिथला ठरलेला: परत कधी जायचं?

माझ्या पोरीला हे प्रश्न समजतच नाहीत. ती इथल्याच रुग्णालयात जन्मली, 'थ'चा 'फ' करून अगदी ब्रॅगसारखं बोलते, आणि गेल्या महिन्यात लायब्ररीच्या वेळा कमी करू नयेत म्हणून कौन्सिलबाहेर मैत्रिणींबरोबर घसा बसेपर्यंत ओरडून आली. दाजींना तिचा व्हिडिओ पाठवला. त्यांनी लगेच अंगठा दिला.