अंगठ्याखालचा शिष्टाचार

जपानी आरोग्य मंत्रालयाच्या पाहणीत लोकांच्या तक्रारींमध्ये कंबरदुखी आणि आखडलेले खांदे वर्षानुवर्षे अगदी वरच्या क्रमांकांवर असतात, आणि तोक्योत संगणकासमोर बसून पोट भरणाऱ्या माझ्यासारख्या मराठी माणसाने त्या देशाशी एकरूप होण्याच्या कामी भाषेपेक्षा खांद्यांच्या बाबतीतच अधिक प्रगती केली आहे. गावाकडे पाठीत उसण भरली, की पायाळू माणूस शोधून त्याच्याकडून पाठीला पाय लावून घेतात. तोक्योच्या निशी-कासाई भागात मराठी मंडळी पुष्कळ असली, तरी त्यांच्यापैकी कोण पायाळू जन्मले याची चौकशी करत हिंडणे प्रशस्त वाटेना, म्हणून मी शिआत्सूला, म्हणजे अंगठ्यांनी दाब देण्याच्या जपानी उपचाराला, शरण गेलो.

शिआत्सूत तेल नसते, कपडे उतरवावे लागत नाहीत आणि चोळणे-रगडणेही फारसे नसते. सैल कपड्यांत जमिनीवरच्या गादीवर पडायचे. अंगावर पातळ पंचा पसरला जातो आणि त्यावरून उपचारक अंगठे, तळहात, प्रसंगी कोपर टेकवून दाब देतो. हा दाब मनगटाच्या जोराने द्यायचा नसून स्वतःच्या शरीराचे वजन हळूहळू पुढे सोडून द्यायचा असतो. तो काही सेकंद तसाच ठेवायचा आणि तितक्याच सावकाश काढून घ्यायचा. वाचताना हे सारे फार सात्त्विक वाटते. खांद्याच्या पात्याच्या आतल्या कडेला, जिथे गेल्या कित्येक महिन्यांच्या बैठका साचून घट्ट झालेल्या असतात, तिथे तो अंगठा उतरला, की सेकंद हे कालमापनाचे एकक किती ऐसपैस आहे हे कळते.

माझे उपचारक सत्तरीच्या पुढचे, पांढऱ्या केसांचे, अत्यंत विनयशील गृहस्थ आहेत, आणि माझ्या हालांचे मूळ त्यांच्या अंगठ्यात नसून या विनयातच आहे. सेन्सेईंनी (जपानीत गुरुजींना असे म्हणतात) वाकून, अदबीच्या क्रियापदांत, ‘दाब ठीक वाटतो आहे ना?’ असे विचारल्यावर ‘मेलो’ म्हणणे मला असभ्यपणाचे वाटते. मी दात आवळून ‘दाइजोबू’, म्हणजे ‘ठीक आहे’, म्हणतो, ते समाधानाने मान डोलावतात आणि आणखी थोडे वजन पुढे सोडतात. त्याहून मोठे संकट पायांशी उभे राहते. वडीलधाऱ्या माणसाने आपल्या पायांना हात लावायचा नाही, चुकून लागलाच तर आपण तत्काळ नमस्कार करायचा, या संस्कारात वाढलेल्या मनुष्याला पालथे पडून, कागद अंथरलेल्या उशीच्या भोकात तोंड घालून नमस्कार करता येत नाही. त्यांनी तळव्याला अंगठा लावताच माझा पाय आपोआप मागे गेला. सेन्सेईंनी त्याचा अर्थ तो बिंदू फारच दुखरा आहे असा घेतला आणि संकोचाने आक्रसलेल्या त्या पायावर कर्तव्यबुद्धीने दुप्पट वेळ घालवला.

या विद्येचे एक प्रमुख प्रवर्तक तोकुजिरो नामिकोशी यांची हकीकत ऐकल्यावर तर मला अधिकच ओशाळल्यासारखे झाले. १९०५ साली शिकोकू बेटावर जन्मलेला हा मुलगा कुटुंबाबरोबर होक्काइदोत आला, आणि सांधेदुखीने अंथरुणाला खिळलेल्या आईचे अंग भावंडांसह दाबून देता देता त्याला हा मार्ग सापडला. त्या वेळी तो अवघा सात वर्षांचा होता. नेमक्या त्याच वयात आम्हा नातवंडांनाही आजीचे पाय चेपायला बसवले जात असे. परंतु आमचे सर्व संशोधन आजीला झोप केव्हा लागते आणि आपल्याला केव्हा निसटता येते एवढ्यापुरतेच मर्यादित राहिले. नामिकोशींनी १९४० साली तोक्योत विद्यालय काढले. १९५४ मध्ये जपानला आलेल्या मेरलिन मन्रोच्या पोटाच्या दुखण्यावर त्यांनी उपचार केले आणि त्यांच्या अंगठ्यांचा लौकिक फार दूरवर गेला. आज तिथे कायद्याने हा व्यवसाय करायचा, तर तीन वर्षांचे शिक्षण घेऊन राष्ट्रीय परीक्षा उत्तीर्ण व्हावे लागते. अर्थात, कसलाही परवाना नसलेली ‘विश्रांती’ची दुकाने प्रत्येक स्थानकाबाहेर आहेतच; भिंतीवर परवाना टांगलेला पाहूनच आत शिरावे, असे माझे मत आहे.

माझ्या सेन्सेईंवर मात्र शिझुतो मासुनागा या शिआत्सूच्या दुसऱ्या जपानी आचार्यांच्या पद्धतीचाही प्रभाव आहे. त्या पद्धतीत आधी पोट चाचपून शरीरात शक्ती वाहण्याचे जे मार्ग मानतात, त्यांपैकी कोणत्या वाहिनीत शक्ती कमी आहे आणि कोणत्या वाहिनीत ती तुंबली आहे हे ठरवतात. माझी मूत्रपिंडाची वाहिनी रिकामी असल्याचे त्यांनी शांतपणे सांगितले. हे विधान त्या अवयवाबद्दल नसते, असे त्यांनी पुढे समजावून दिले खरे. पण तोवर मी मनातल्या मनात सोनोग्राफीची वेळ घेऊन मोकळा झालो होतो. शवविच्छेदनात अशा वाहिन्या कोणाला दिसलेल्या नाहीत आणि शिआत्सूवर झालेले चांगल्या दर्जाचे अभ्यासही थोडेच आहेत, त्यामुळे त्याने रोग बरे होतात असे मी कोणाला सांगणार नाही. हाडे ठिसूळ झालेल्यांनी, ताप किंवा रक्ताच्या गुठळीचा त्रास असलेल्यांनी तर त्याच्या वाटेला जाऊच नये. मात्र तासाभराने उठलो, तेव्हा मान दोन्ही बाजूंना वळत होती, श्वास पोटापर्यंत पोहोचत होता आणि त्या रात्री मी असा झोपलो, की बायकोने मला दोनदा हलवून पाहिले.

निघताना सेन्सेईंनी गृहपाठ दिला: कवटीच्या खालच्या कडेशी, मणक्याच्या दोन्ही बाजूंना अंगठे टेकवून, श्वास सोडत काही सेकंद दाबायचे आणि हे कामाच्या मध्ये अधूनमधून करायचे. मी आज्ञाधारकपणे कचेरीत डोळे मिटून, दोन्ही हातांनी डोके धरून, दीर्घ उसासे टाकू लागलो. समोरच्या रांगेतली कुजबुज थांबली. कोणीतरी दबक्या पावलांनी साहेबांकडे गेले, आणि साहेबांनी स्वतः येऊन, कामाचा ताण फार झाला असल्यास संध्याकाळची आढावा बैठक पुढच्या आठवड्यात घेऊ, असे अतिशय हळुवारपणे सुचवले. मी अंगठे तसेच ठेवून ‘दाइजोबू’ म्हणालो, पण या वेळी पुरेशा क्षीण आवाजात.